लाइटहाऊसवाल्यासाठी मिस्सा

माय, इतक्या उशिरा लिहितोय म्हणून रागावू नकोस. तू गेलीस तेव्हापासून मनात होतं, पण मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हे शिकलेल्यांचं काम, असं मला वाटायचं. माझी शाळा चौथीत सुटली. टीप घालायला हात बसला, अक्षराला कधी बसला नाही. शिवाय तुला वाचता येत नव्हतं, ही अडचण होतीच. पण तिथे आता कोणी ना कोणी वाचून दाखवत असेल, एवढी माणसं इथून तिकडे गेली आहेत. मी ठीक आहे. गुडघे दुखतात, रात्री पुन्हा उठून कडी बघतो, गॅस बंद केला का ते बघतो, आणि सून म्हणते, "पप्पा, चोर पण तुमका कंटाळून गेलो." तू असतीस तर तूही असंच काहीतरी बोलली असतीस. काही ठरवायची पाळी आली की मी अजून तुझ्या फोटोकडे बघतो. फोटो काही बोलत नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

तुझी पणती आता अकरा वर्षांची आहे. तू तिला बघितलं नाहीस. मला शापाय म्हणते, गोव्यातल्या आजोबांना म्हणतात तसं, आणि माझ्या शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून अभ्यास करते. मे महिन्याच्या सुट्टीत तिला जपानी कार्टूनचा नाद लागला. त्याला अ‍ॅनिमे म्हणतात. आपल्या कार्टूनसारखं ते एका घासात संपत नाही, भागामागून भाग चालतो आणि त्यात माणसं मरतातसुद्धा. एका रविवारी सून चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनेला गेली होती. तिथे कोणीतरी सांगितलं की त्या जपानी गोष्टींत राक्षस असतात, परके देव असतात, मुलींच्या अंगावर धड कपडे नसतात, आणि मुलं हळूहळू देवापासून लांब जातात. ती घरी आली ती चपला न काढताच आत गेली आणि टीव्हीचं बटण बंद केलं. पोर रडली नाही. बंद टीव्हीकडेच बघत राहिली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मुलगा सिंधुदुर्गनगरीहून संध्याकाळच्या बसने आला तेव्हा वाद पेटलेलाच होता. तो म्हणाला, "गो, चित्रां आसत ती. चित्रांनी कोण बिघाडता?" सून म्हणाली, "चित्रांनीच बिघाडता. तू ल्हानपणी पेपरातली मारामारीची चित्रां बघून शेजाऱ्याच्या पोराचो दात पाडलंस, ता कोणी सांगितलां माका? पप्पांनीच." मी मान खाली घातली. दोघांनाही कामावर जायचं, ती सुट्टीतही शाळेत दहावीचे जादा वर्ग घेते, हा ऑफिसात. सगळे भाग बसून बघायला वेळ कोणाला? शेवटी मुलगा म्हणाला, "पप्पा घराकच आसत. तेंका चेडवाबरोबर बघूंदे, मगे सांगूंदे. ते हो म्हणतीत तर हो, नाय म्हणतीत तर नाय." आणि सुनेने ते मान्य केलं. माय, तुला ठाऊकच आहे. मी आयुष्यात कधी हो किंवा नाही असं एका दमात म्हटलेलं नाही. दोन कांदे घ्यायचे तरी दोन दुकानं फिरतो. आणि आता एका मुलीच्या आत्म्याचा निवाडा माझ्याकडे.

मी खिशात रोझरीची माळ घालून टीव्हीसमोर बसलो. खाली अक्षरं धावतात, पण ती मी वाचीपर्यंत पुढची येतात, आणि ती इंग्रजी. मग पोर मला सगळं मालवणीत सांगायला लागली. गोष्ट अशी, की जपानच्या किनाऱ्यावर एका खडकावर दीपगृह आहे, आपल्या वेंगुर्ल्यापुढच्या खडकावर आहे तसं. तिथला माणूस वादळात एका होडीला वाचवायला उतरतो आणि बुडतो. त्याची मुलगी तिच्या बापाचा आवाज शोधायला निघते, कारण बुडालेल्यांचे आवाज दर्यातला एक तीन डोळ्यांचा राक्षस शिंपल्यांत भरून ठेवतो. तो राक्षस पहिल्यांदा वर आला तेव्हा मी रोझरीचा क्रूस इतका घट्ट धरला की बोटावर वळ उठला. पोर म्हणाली, "शापाय, भियाव नको. तो आवाज खाणा नाय, सांबाळता." मी विचारलं, "सांबाळता, मगे परत कित्याक देणा नाय?" ती म्हणाली, "ताच बघूचां आसा मां." मी तिला म्हटलं, त्या मुलीच्या झग्याची बाही खांद्यात नीट बसलेली नाही. ती म्हणाली, जपानात तशीच असते. एकूण मुलगी अंगभर कपड्यात होती, एवढं मी मनात टिपून ठेवलं.

तेव्हा मला तुझी ती दुपार सारखी आठवत होती. मी असाच दहा-अकरा वर्षांचा आहे. देवळाच्या जत्रेला दशावतारी आलेले आहेत, आणि मला जायचं आहे. वाड्यावरची म्हातारी माणसं म्हणतात, ख्रिस्तावाच्या पोराने राक्षसांचा खेळ बघायचा नसतो. बाबा गप्प. तू कोणालाच विचारत नाहीस. नाटकवाली माणसं चालत चालत आपल्या विहिरीवर पाणी प्यायला थांबतात, तू त्यांना गूळ देतेस आणि विचारतेस, "तुमच्यातलो राकस कोण?" एक बारका, दाढी वाढलेला माणूस हात वर करतो. तू म्हणतेस, "तुझा ता काळा घालून दाखय माझ्या झिलाक." तो गाठोड्यातून संकासुराचा काळा बुरखा काढून डोक्यावर चढवतो आणि मी तुझ्या पाठीमागे दडतो. तो तुला काहीतरी चावट बोलतो, आणि तू इतकी हसतेस की विहिरीच्या काठावर बसावं लागतं. मग म्हणतेस, "आता काढ." तो काढतो. आत तोच बारका माणूस, घामाने ओला. तू मला पुढे ढकलून म्हणालीस, "बघितलंस? आता जा. पण भियान इलस तर परत धाडूचंय नाय." झालं, तेवढ्यात तुझा निवाडा संपला. मला टीव्हीतल्या राक्षसाला विहिरीवर बोलावता येत नव्हतं, गूळ देता येत नव्हता. मी आपला भागामागून भाग बघत राहिलो आणि घाबरत राहिलो. खरं सांगू, मजाही येत होती.

मग ती तेर्साची संध्याकाळ आली. आपल्याकडे अजून रोज संध्याकाळी रोझरीच्या मण्यांवर तेर्स म्हणतात. ती संपली की शेवटी ज्याला ज्याच्यासाठी वाटेल त्याने त्याच्यासाठी एक 'आमच्या बापा'ची प्रार्थना मागायची, ही तुझीच रीत चालू आहे. सुनेने तिच्या आईच्या शुगरसाठी मागितलं. मुलाने बदलीसाठी मागितलं, म्हणजे बदली होऊ नये म्हणून. तुझ्या पणतीने हात जोडून म्हटलं, "दर्यात बुडान मेलेल्या लाइटहाऊसवाल्यासाठी." आम्ही त्या दुपारीच तो भाग बघितला होता, ज्यात त्याची चप्पल तेवढी किनाऱ्याला लागते.  मी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं. सुनेने वळून विचारलं, "कोण ओ पप्पा? वेंगुर्ल्याकडचो काय?" मी म्हणालो, "बरो माणूस होतो. मागे एक चेडू आसा." मुलाने विचारलं, "वळखीचो?" मी म्हणालो, "आता तसो वळखीचोच." यात खोटं एक अक्षर नव्हतं, माय. पोर माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो.

मला वाटलं, तेवढ्यावर मिटलं. पण तुला सुनेचा स्वभाव माहीत नाही. कोणाच्या घरी दुःख झालं की ही पहिली पेज घेऊन धावणारी. दर्यात माणूस गेला, मागे मुलगी पोरकी, आणि कोणी काही केलेलं दिसत नाही, हे तिच्या जिवाला लागलं. घर सापडेना, म्हणून तिने शनिवारी जाऊन फादरांना त्याच्या आत्म्यासाठी रविवारची प्रार्थना, मिस्सा, अर्पण करायला सांगितलं. रविवारी मी बाकावर बसलोय, शेजारी पोर, आणि फादर वाचतात, "आजची मिस्सा, आपलं कर्तव्य करताना समुद्रात बुडालेल्या एका दीपगृहावरच्या बंधूच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून." सगळं चर्च उभं राहिलं. पोरीने माझी बाही धरली. "शापाय, तो आमचोच," ती हळूच म्हणाली. मी म्हणालो, "गप रव. प्रार्थना कर." दुसरं काय बोलणार होतो? मासे विकणाऱ्या बायकांनी डोळे पुसले. त्यांच्या घरची माणसंही दर्यावर जातात.

बाहेर आल्यावर बायकांनी सुनेला घेरलं. खंयचो? घराक कोण आसा? चेडू केवढा? काहीतरी वर्गणी काढूया. वर्गणीचं नाव निघालं तेव्हा मला राहवलं नाही. मी मध्ये शिरलो आणि म्हणालो, तो जपानचा आहे. आणि टीव्हीतला आहे.  मग एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे मेलो नाय?" पोर म्हणाली, "मेलो, पण चित्रात." सुनेचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, संपलं, आता टीव्हीच विकणार. पण ती म्हातारी हसायला लागली, आणि मग सगळ्याच. फादर तरुण आहेत, वसईचे. ते झगा उतरवून आले, ऐकलं आणि म्हणाले, "वाया काही गेलं नाही. जपानात कुठल्या तरी दीपगृहावरचा कोणीतरी कधीतरी बुडाला असेलच. त्याच्यासाठी कोणी मिस्सा सांगितली होती का, कोणास ठाऊक."

 घरी जेवताना सुनेने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "पप्पा, तुमका बघूक बसयला होता. आता सांगा. हो की नाय?" मुलगा माझ्याकडे, पोर भाताकडे बघत होती. मी तुझ्या फोटोकडे बघितलं नाही, माय. म्हणालो, "हो. ह्या एका गोष्टीक हो. बाकीची मी बघूक नाय." एवढंच. वाक्य पुरं झालं. सुनेने ताट परत पुढे ओढलं. मग म्हणाली, "बरां. शेवटचो भाग लावा. मी पण बघतंय, माझी मिस्सा कोणावर गेली ती." कोळंबी सोलायची परात मांडीवर घेऊन ती बसली. राक्षस वर आला तेव्हा तिने त्याला आपल्या भाषेत अशी शिवी दिली की फादरांना सांगावी लागेल. मुलीला बापाचा आवाज मिळाला तेव्हा परातीतली कोळंबी तशीच राहिली.

आता असं ठरलंय, की शनिवारी तेर्सानंतर, सगळ्यांनी मिळून बघायचं, आणि मी आधी बघितलेलंच. शाळेच्या मुलींच्या आखूड कपड्यांचं एक होतं, ते सुनेने नाही म्हटलं. रक्ताचं एक आहे, ते दहावीनंतर. पोरीने दोन्ही ऐकलं, फार कुरकूर न करता. कारण आईला आता स्वतःलाच शनिवारची वाट बघवत नाही, हे तिला दिसतंय.

पण परवा नवीन एक निघालंय. त्यात शिंगं असलेला एक पोरगा आहे आणि तो देवळात राहतो. सून म्हणते, पप्पांनी आधी बघावं, रविवारपर्यंत सांगावं. पोर मामाकडे गोव्याला गेली आहे. मी एकट्याने, रिमोट चालवायला शिकून, सगळे भाग संपवले, माय. अक्षरं कळत नाहीत तर चेहऱ्यांवरून लावून घेतलं. चांगलं की वाईट याचा विचार करायला बसलो होतो, पण तो विचार एकदाही मनात आला नाही. पुढे काय होतं एवढंच बघत होतो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, मशीनच्या खणात राहील. तरी तुला काही कळवता आलं तर लवकर कळव, रविवारच्या आत. नाहीतर मी हो म्हणून टाकीन.