खंडेनवमीचं निमित्त

आश्विन शु. ८, शके १८६५. तासगाव
हाताखालच्या गणूनं छपाईचं यंत्र रॉकेलनं पुसून काढलं. उद्या खंडेनवमी, त्याची पूजा. भूमिगतांचं मागचं पत्रक आमच्याच छापखान्यातलं, अशी पेठेत कुजबुज. फौजदार दिसला की मी गल्ली बदलतो. पन्नाशीला आलो आणि ही छाती!

आ. शु. ९
पूजा आटोपली. दुपारी शिवा आला, भूमिगतांचा निरोप्या, आष्ट्याकडून चालत. छापायला चार ओळींचा मजकूर: दसऱ्याला भूमिगत पोरं घरी येणार म्हणून पोलीस गावोगाव वेशीवर दबा धरणार, कुणी येऊ नये. खबर पोलिसांतल्याच आपल्या माणसाची.
"सांजंपतुर समद्या गावांत गेलं पायजे, अण्णा."
म्हणालो, "आज यंत्र चालवत नाही. देवाचा दिवस."
त्यानं यंत्रावरच्या झेंडूच्या माळेला हात जोडले. "मग ऱ्हाऊ द्या. तोंडानंच सांगत फिरतो." भाकरीलाही थांबला नाही.
गेल्या खंडेनवमीला गूळवाल्याची हँडबिलं छापली. तेव्हा देव आडवा आला नव्हता. यंत्र गणूनंच चालवलं होतं. आज त्यानं शाईचा डबा फळीवर ठेवून दिला.

आ. शु. १०
सीमोल्लंघनाला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हटलं. खोटंच.

आ. शु. ११
शिवाला परवा रात्री पहिल्याच वेशीवर धरलं. त्याच्या गावात काल सणाला आलेले दोघं भूमिगतही सापडले. फार मारलं म्हणतात. सौ. म्हणाली, "बरं झालं, तुम्ही यात नव्हता." ताटावरून उठलो. भ्यालो, दुसरं काय. वर देवाचं नाव पुढं केलं.

आ. शु. १३
शिवाचे वडील आले. हातावर आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या, अण्णा. शिवा लय मानतो तुमास्नी." नवमीला तो इथं आला होता, हे त्यांना ठाऊक नाही. मग बंडीतून कागद काढला. भूमिगतांचं नवं पत्रक, छापायला. गावच्या सदू शिंप्यानं चहाडी केली, उद्या त्याला शिक्षा.
"त्यानंच दगा दिला. न्हाईतर पोलिसास्नी कसं कळंल?"
शिक्षा म्हणजे तळपायांवर काठ्या. सदूनं काही केलेलं नाही. पोलीस आपल्या अकलेनंच दबा धरून बसले होते; शिवाच्या मजकुरात तेच होतं. पण हे मला कसं माहीत, ते सांगावं लागेल. मग शिवाला काय उत्तर दिलं तेही.
म्हणालो, "बसा. पाणी घ्या."
म्हातारा ओट्यावर बसलाय, पत्रकं घेऊनच जाणार. गणूनं शाई लावून ठेवली. अक्षरांचे खिळे मीच जुळवतोय. सदूचं नाव तेवढं राहिलंय, ते सोडून हे लिहीत बसलो.
"झालं का, अण्णा?"
"होतंय," म्हणालो.