साडूभाऊंची न गळणारी गाडी

आदरणीय साडूभाऊ यांच्या सेवेशी,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (वाकूनच आहे. गाडीखाली डोकावून डोकावून माझी कंबर सरळ व्हायची बंद झाली आहे, तेव्हा नमस्कारासाठी वेगळं वाकावं लागत नाही.) तुमची, ताईंची आणि मुलांची प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा आहे. आमची जुनी गाडी विकून, म्हणजे तुमची जुनी गाडी आम्हाला विकून, तुम्ही जी नवी कोरी गाडी घेतलीत तिचीही प्रकृती उत्तम असेलच. इकडे माणसं सगळी बरी आहेत. गाडीची तब्येत मात्र नाजूक आहे, आणि तिच्या तब्येतीविषयी सविस्तर कळवावं, तुम्हाला काळजी लागून राहिली असेल, एवढ्याच हेतूनं हे पत्र लिहायला बसलो आहे.

तुम्हाला आठवत असेल (नसेल तर नोटा मोजतानाचं आठवा; 'आपल्यात कसला हिशोब' असं म्हणत तुम्ही त्या दोनदा मोजल्या होत्या), ही गाडी मी हौसेनं घेतली नव्हती. आई गेल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले होते. ताटातलं अर्धं ताटातच. विचारलं तर 'हं', नाही विचारलं तर तेही नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की यांना घराबाहेर काढा, नाहीतर आधी पाय जातील आणि पायांमागोमाग माणूस. गुडघ्यांमुळे बसची पायरी त्यांना चढवत नाही. मला फार भीती वाटत होती, साडूभाऊ. एवढं एक वाक्य खरं लिहून घेतो, पुढं टोमणेच आहेत. अशा वेळी तुम्ही देवासारखे धावून आलात. घरातली गाडी घरातच राहू दे म्हणालात, आणि मी काही विचारायच्या आत म्हणालात, 'एक थेंब गळत नाही.' जो माणूस न विचारता सांगतो की आमच्याकडे ढेकूण नाहीत, त्याच्या खाटेवर बसू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण ती अक्कल आपल्या सासऱ्यांनी जावयांमध्ये वाटली तेव्हा थोरल्या जावयाचा नंबर आधी होता.

परक्याची गाडी असती तर मी मिस्त्री बरोबर नेला असता. चारी बाजूंनी ठोकून, चाकं हलवून, नाक मुरडून निम्म्या किमतीत घेतली असती. पण साडूची गाडी तपासायची म्हणजे ताईंच्या संसारावरच संशय घेतल्यासारखं होतं, असं आमच्या हिचं ठाम मत पडलं. त्यामुळे तपासणी अशी झाली: तुम्ही बॉनेट उघडलंत, मी वाकून आत बघितलं आणि 'वा' म्हणालो, तुम्ही बॉनेट बंद केलंत. (मी नेमकं कशाला 'वा' म्हणालो ते अजून मला सापडलेलं नाही. त्यातली एक वस्तू मिस्त्रीनं परवा दाखवली, ती सुतळीनं बांधलेली होती.)

तुमच्या अंगणात वाळू आहे. वाळूचे गुण मला पूर्वी ठाऊक नव्हते. वाळू पोटात घालते, बोलत नाही, डाग दाखवत नाही. असा नोकर मिळायला भाग्य लागतं. आमच्या इमारतीखाली मात्र नुकत्याच पांढऱ्याशुभ्र फरश्या बसवल्या आहेत. पहिल्याच सकाळी खाली जाऊन पाहतो तो गाडीखाली एक काळा डाग, एक हिरवा डाग आणि तिसरा असा काही, की त्या रंगाला अजून कोणी नाव ठेवलेलं नसावं. ही म्हणाली, डाग आधीचे असतील. फरश्या बसवून आठवडा झाला नव्हता. पण माहेरचा विषय निघाला की आमच्याकडे फरश्याही जुन्या होतात.

आता बाबांचं सांगतो. गाडी आली त्या दिवशी मोठ्या उत्साहानं म्हणालो, बाबा, चला, एक चक्कर मारून येऊ. बाबा भिंतीला म्हणाले, 'नको.' दुसऱ्या दिवशीही भिंतीला तेच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा मी वैतागलो आणि बोलून गेलो की नाहीतरी गळकीच आहे मेली, चालून चालणार किती. तेव्हा बाबांनी कूस बदलली आणि विचारलं, 'कुठून?'

तुम्हाला माहीतच आहे (मांडवात तासभर धरून त्यांनी ते तुम्हाला समजावून सांगितलं होतं), बाबांची अख्खी नोकरी पाणीपुरवठ्यात गळती शोधण्यात गेली. लोखंडी कांबेचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखाली कुठे पाणी वाया जातंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. ती कांब माळ्यावर पडून होती. ती त्यांनी मला काढायला लावली, चपला घातल्या, आणि जो माणूस बाथरूमपर्यंत जायला कुरकुरत होता तो जिना उतरून गाडीपाशी हजर. गाडीत मात्र बसले नाहीत. गाडी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं बसायची वस्तूच नव्हती. तो चाकं लावलेला एक फुटका नळ होता.

तेव्हापासून आमच्याकडे रोज सकाळी पंचनामा असतो. आदल्या संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा, चाकांभोवती खडूनं रेघा मारायच्या (म्हणजे पुठ्ठा आणि इंजिन यांची जागा जुळते), आणि सकाळी पुठ्ठा बाहेर काढून थेंबांचं वाचन करायचं. बाबा थेंबाला बोट लावतात, बोट उन्हात धरतात, हुंगतात. एकदा चाखायला निघाले होते, तेव्हा हिनं वरून, खिडकीतून, असा आवाज टाकला की अख्ख्या इमारतीनं हातातलं खाली ठेवलं. मग कांब इंजिनाला लावून ऐकणं सुरू होतं. 'थेंब पडतो तिथं भोक नसतं,' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. भोक कुठे असतं ते मात्र दररोज वेगळं निघायचं. सोमवारी पंपात, मंगळवारी रेडिएटरमध्ये, बुधवारी माझ्या गाडी चालवण्यात.

शेवटी मी एक मिस्त्री बोलावला. याला आम्ही 'बघू' म्हणतो, कारण त्याला काहीही विचारलं तरी तो बघू म्हणतो. किती खर्च येईल? बघू. गाडी संध्याकाळी मिळेल? बघू. त्यानं आधी इंजिनाच्या झाकणाचं गॅस्केट बदललं. काळा डाग जागच्या जागी. मग खालचं ऑईल सील बदललं. डाग थोडा डावीकडे सरकला, तेव्हा 'फरक पडतोय' असं म्हणून त्यानं पैसे घेतले. बाबांचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. त्याला बाबांची कांब हास्यास्पद वाटायची आणि बाबांना तो. दोन वैद्य, एक रोगी, आणि औषधाचे पैसे देणारा तिसराच, अशी आमची गत झाली. मी मध्ये पडलो की दोघं मिळून मला टॉर्च धरायला सांगायचे.

अखेर बाबांनी रामबाण उपाय काढला. इंजिन पुसून कोरडं करायचं, त्यावर पांढरी पावडर शिंपडायची आणि गाडी फिरवून आणायची. जिथं ओल फुटेल तिथं पावडर भिजेल आणि चोर सापडेल. युक्ती खरी आहे, बघूनंही पहिल्यांदाच मान हलवली. फक्त पावडर हिची होती, वासाची, आणि बाबांनी पाणीपुरवठ्याच्या मापानं, म्हणजे अख्खा डबा ओतला. काचेखालच्या ज्या जाळीतून गाडीत हवा येते, तीही त्यांनी सोडली नाही. हे मला सांगायला विसरले. त्याच सकाळी आमच्या साहेबांची गाडी बंद पडलेली, आणि मला कधी नाही ते पुढेपुढे करायची बुद्धी झाली. साहेब काळा कोट घालून शेजारी बसले. उकडतंय म्हणाले, म्हणून मी पंखा पूर्ण सोडला. पुढचं वर्णन करत नाही. ऑफिसात आम्ही दोघं एकत्र शिरलो तेव्हा साहेब स्वतःच्या पुतळ्यासारखे दिसत होते आणि आमच्या पाठोपाठ गुलाबाचा वास येत होता. तेव्हापासून साहेब मला मेमोसुद्धा शिपायाहाती पाठवतात.

ओल्या गालिच्याविषयी लिहिलं नाही तर तुम्हाला वाईट वाटेल. मागच्या सीटखाली कायम पाणी असतं. दारांच्या तळाला पाणी वाहून जायला जी भोकं असतात ती कोणीतरी (नाव घेत नाही, ताईंना राग येईल) गंज दिसू नये म्हणून रंगाऱ्याची लांबी (पुट्टी) भरून बुजवली होती. ती मोकळी करायला बघूनं गालिचा उचलला तर खाली एक रोप उगवलेलं. दोन पानं फुटली होती. ही म्हणाली, उपटू नका, माहेरचं आहे. आता ते कुंडीत आहे, आणि तुमच्या गाडीतली सगळ्यात निरोगी गोष्ट तेवढीच निघाली.

तर साडूभाऊ, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं जे म्हणतात, त्यातली कोंबडीसुद्धा मला बारा आण्यालाच पडली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण रचणाऱ्याला साडू नसावा. बघूची बिलं जोडली तर गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर गेली आहेत. तुम्ही थोर आहात, समजूतदार आहात, दोनदा मोजणारे आहात. अर्धा खर्च तुम्ही उचलावा एवढीच नम्र विनंती. न उचलल्यास मी पुढच्या महिन्यात गाडी घेऊन तुमच्याकडे राहायला येईन आणि ती तुमच्या नव्या गाडीशेजारी, वाळूवर नव्हे, व्हरांड्यात लावीन.

ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, वाळूला विशेष.

आपला धाकटा साडू

ता. क. पत्र अजून टाकलेलं नाही. हिनं वाचलं आणि उशीखाली ठेवून दिलं. दरम्यान आनंदाची बातमी अशी की गाडी दुरुस्त झाली. काळा डाग बंद, हिरवा बंद, बिननावाचाही बंद. सगळ्यात चिवट हिरव्या डागामागे एक रबरी नळी चिरलेली होती, ती बाबांनी कांबेनं दाखवली असं बाबा म्हणतात आणि बघूनं बोटानं शोधली असं बघू म्हणतो. पुठ्ठा सकाळी कोरडा ठाक निघतो. अर्ध्या खर्चाची मागणी मात्र कायम आहे.

ता. क. २. अर्ध्या खर्चाचं राहू द्या. पुठ्ठा कोरडा निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा खाली उतरले नाहीत. विचारलं तर म्हणाले, 'काय बघायचं आता?' पुन्हा भिंत. ताट पुन्हा अर्धं. मी चक्कर मारायला चला म्हणालो, तर 'चांगली आहे ना गाडी? मग जा तुम्ही.' ही स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी होती. एवढे पैसे ओतून मी त्यांचं औषधच बंद करून आलो. तेव्हा साडूभाऊ, आता हसू नका आणि टोमणाही समजू नका. तुमच्या मागच्या शेडमध्ये ती जुनी स्कूटर पडली आहे ना, जिच्यातून सगळंच गळतं? ती द्या. किंवा तो पाण्याचा पंप. किंवा तुमच्याकडे आणखी जे काही गळतं ते. पाहिजे ती किंमत लावा, या वेळी मी तपासूनच घेईन. गळत नसेल तर घेणार नाही.

ता. क. ३. स्कूटरची घाई नाही. आज सकाळी बाबा अंघोळीला गेले तेवढ्यात मी खाली जाऊन रेडिएटरच्या पाईपची क्लिप अर्धा फेरा सैल केली. वर आलो, ते अंघोळ करून पुन्हा आडवे झाल्यावर साळसूदपणे म्हणालो, बाबा, पुठ्ठ्यावर काहीतरी हिरवं दिसतंय. त्यांनी पाय खाली सोडले. चपला, कांब, जिना. बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिले. कांब कानाला लावलीच नाही. खिशातून पेचकस काढून काहीतरी केलं, हात पुसले, आणि म्हणाले की इंजिन तापल्यावर गळतं का ते बघायला पाहिजे. मग स्वतःहून दार उघडून पुढच्या सीटवर बसले. पहिल्यांदाच. मी गाडी काढली. चौक गेला, बाग गेली, कालव्यावरचा पूल आला. काच खाली करून ते बाहेर बघत होते आणि मी एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण मला रस्ताच धड दिसत नव्हता. पूल उतरताना ते बाहेर बघतच म्हणाले, 'अर्धा फेरा फार होतो रे, इंजिन जळेल. पुढच्या वेळी पाव फेराच सैल कर.'