कोंडाबाईच्या आईचे नाव बदलण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
गोदाबाई स्मारक सूतिका रुग्णालय,
अमरावती.

अर्जदारीण : पार्बताबाई बेवा शेषराव, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शेतमजुरी, राहणार मौजे शेलू, नांदगाव खंडेश्वरजवळ.

विषय : उबेच्या खोलीत ठेवलेली मुलगी नामे कोंडाबाई हिच्या नोंदीत आई म्हणून लागलेले अर्जदारीण बाईचे नाव काढून तेथे खऱ्या आईचे नाव लावण्याबाबत.

संदर्भ : आपल्या नोंदणी खिडकीतून मिळालेले तोंडी उत्तर, "ज्याचं नाव लागलं, त्यानंच अर्ज केला पाहिजे."

महोदय,

१. अर्जदारीण बाईस लिहिता येत नाही. सबब हा अर्ज तिने सांगितला आणि कचेरीसमोर कडुलिंबाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाने लिहिला. अर्जनवीसाने आजवर नाव लावून मागणारे अर्ज पुष्कळ लिहिले. सातबाऱ्यावर, वारसात, विहिरीच्या हिश्श्यात, जिथे बोट शिरेल तिथे माणूस आपले नाव घुसवतो. आपले नाव काढा म्हणून कोणी आल्याचे त्यास आठवत नाही. त्यामुळे शब्द कोठे अडखळले असल्यास साहेबांनी सांभाळून घ्यावे.

२. अर्जदारीण बाई गावात एकटी राहते. नवरा शेषराव फार वर्षांपूर्वी वारला. पोटी मूलबाळ झाले नाही. दिवसभर लोकांच्या वावरात निंदण, वेचणी, आणि संध्याकाळी घरी आल्यावर चुलीशी काय बोलायचे ते बोलायचे. "बोलाले मानूस लागते, साहेब, भिंतीसंगं किती बोलनार?" असे ती म्हणाली. हे लिहू नका म्हणून नंतर तिने सांगितले, पण तोवर शाई वाळली होती.

३. तिच्या घराला घर लागून पंचफुला जौजे नत्थुजी राहते. ही कोंडाबाईची खरी आई. पंचफुलाची आधीची दोन्ही लेकरे अपुऱ्या दिवसांची झाली आणि घरीच झाली. पहिल्याला कापसात गुंडाळून शेगडीजवळ ठेवले, ते सकाळ पाहू शकले नाही. दुसऱ्याला जन्मल्यावर बैलगाडीत घालून याच रुग्णालयात आणले. येथे पोहोचेपर्यंत ते हिवाळ्याच्या वाऱ्याने गार पडले होते. त्या वेळी आपल्याकडील डॉक्टरीणबाई पंचफुलावर रागावल्या व म्हणाल्या की, एवढीशी मुले जन्मल्यावर आणायची नसतात, पोटात असताना आणायची असतात. आईच्या पोटाइतकी चांगली गाडी नाही. त्यांचा राग खरा होता. पंचफुलाने तो मनावर घेतला आणि अर्जदारीण बाईने तर गाठीला बांधून ठेवला.

४. साहेब पुण्याकडील असल्याचे कळते, म्हणून पुढील गोष्टीचा खुलासा करणे भाग आहे. आमच्या भागात एखादीची लेकरे जगत नसली की पुढचे लेकरू विकून टाकण्याची चाल आहे. विकायचे म्हणजे कोठे न्यायचे नाही. शेजारची एखादी बाई पदरात कोंडा घेऊन येते, तो आईच्या पदरात घालते आणि लेकरू आपले झाले म्हणते. मग लेकरे नेणारी सटवाई दारात आली तरी तिला त्या घरात त्या आईचे लेकरू सापडत नाही, ती रिकाम्या हाताने परत जाते. जावळ निघाले की आई तेवढाच कोंडा परत करून लेकरू सोडवून घेते. तोवर एकच पथ्य असते. कोणीही विचारले, पोर कोणाचे, तर घेणारीने "माहे" म्हणायचे आणि आईने "माहे नोय" म्हणायचे. यात एकदा जरी जीभ घसरली तरी सौदा मोडला असे धरतात.

५. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. पंचफुलाने या खेपेस लेकरू पोटातच विकले. कोंडा अर्जदारीण बाईने दिला. इतर कोणी द्यायला तयार नव्हते, कारण मेलेल्या पोराचा दोष घेणाऱ्याच्या घरी येतो अशी भीती असते. अर्जदारीण बाईच्या घरी दोष यायला कोणी नव्हतेच. "माह्या घरी सटवाई आली तं तिले बसाले पाट देईन, पन ते नेईन कोनाले? मलेच," असे तिचे त्यावरचे म्हणणे आहे.

६. सातवा महिना लागताच अर्जदारीण बाईने वेचणीचे काम टाकले आणि पंचफुलास घेऊन ती अमरावतीस आली. पंचफुलाचा नवरा नत्थुजी दोघींना एस्टीत बसवून देऊन कापसासाठी परत गेला. दोघी बाया आपल्या फाटकासमोरच्या धर्मशाळेत राहिल्या. रोज येऊन खाट मागत. कळा सुरू झाल्याशिवाय खाट नाही, असे रोज उत्तर मिळे. नियमाबद्दल तक्रार नाही. दोघींनी तो पाळला, फाटकाकडे तोंड करून बसून पाळला. कळा सुरू झाल्या तेव्हा अर्जदारीण बाईने पंचफुलास अक्षरशः पाठुंगळीस मारून आत आणले. मुलगी रुग्णालयातच जन्मली व जन्मताच उबेच्या खोलीत गेली. वजन अडीच पौंडांच्या आत भरले. रडली, पण मांजराच्या पिलाएवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलीत. अर्जदारीण बाईस जन्मात मिळालेली ही पहिली शाबासकी आहे, असे अर्जनवीसाचे मत झाले.

७. घोटाळा त्यानंतर झाला. नोंदणी कारकुनांनी खिडकीतून विचारले, "ही काचेत ठेवलेली मुलगी कोणाची?" खिडकीशी अर्जदारीण बाई उभी होती. तिने चालीप्रमाणे ठणकावून सांगितले, "हाव, माही हाये." कारकुनांनी मान वर केली नाही. नाव विचारले, लिहून घेतले. मुलीचे नाव कोंड्यावरून कोंडाबाई, तेही लिहिले. मग सिस्टरने खाटेवर जाऊन पंचफुलास विचारले, तर तीही पथ्याला पक्की. "माही नोय, पार्बताकाकीची हाये." बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सर्व ठाऊक होते, पण त्यांची त्याच आठवड्यात अकोल्यास बदली झाली. अशा रीतीने आपल्या कागदोपत्री पंचफुला बाळंत झाली पण तिला मूल नाही, आणि पंचावन्न वर्षांच्या विधवेला मूल आहे पण ती बाळंत झालेली नाही. या चुकीत कोणाचाही खोटेपणा नव्हता हे साहेबांच्या लक्षात यावे.

८. त्याचा परिणाम असा झाला. उबेच्या खोलीत नोंदीतील आईशिवाय कोणाला जाऊ देत नाहीत, कारण बाहेरचा रोग एवढ्याशा जिवाला सोसत नाही. नियम चांगला आहे. पंचफुलास मूल नसल्यामुळे तिची खाट काढून घेण्यात आली. ती आता धर्मशाळेत असते. अर्जदारीण बाईस मात्र बाळंतिणीचा शिरा मिळतो. तो ती पदराखाली झाकून धर्मशाळेत नेऊन देते. एवढा गुन्हा तिच्या हातून घडत आहे व घडत राहील. नवीन डॉक्टरीणबाई दररोज म्हणतात, डब्याचे दूध या मुलीला पचत नाही, पोट फुगते, वजन वाढायच्या ऐवजी उतरते, आईचे दूध पाहिजे. आणि नोंदीतील आईच्या अंगावर दुधाचा थेंब नाही. पंचफुलाचे दूध वाटीत आणले तर ती परकी बाई म्हणून सिस्टर परत पाठवतात. पंचफुला ते दूध धर्मशाळेमागच्या झाडाच्या बुंध्याशी ओतते, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.

९. रुग्णालयातील आया माणिकबाई दूध पाजण्याची वेळ झाली की व्हरांड्यात उभी राहून मोठ्याने हाक मारते, "कोंडाबाईची माय, पार्बताबाईऽ!" अर्जदारीण बाई ओ देते. हात धुते, पांढरा झगा घालते, आत जाते. ड्रॉपरने थेंब थेंब दूध मुलीच्या ओठांवर सोडते. मुलीची मूठ तिच्या करंगळीभोवती मिटते. एवढेच घडते. पण त्या हाकेसाठी ती सकाळपासून व्हरांड्यात बसून असते, आणि पहिली हाक ऐकू आल्याचे माणिकबाईला कळू नये, तिने दुसरी मारावी, म्हणून कधी कधी ओ द्यायला उशीर करते. जन्मात तिला कोणी कोणाची माय म्हणून बोलावले नव्हते. खिडकीवर "अर्ज करा" असे सांगितल्यावर ती लगोलग अर्जनवीसाकडे आली खरी, पण कडुलिंबापर्यंत येऊन परत गेली. दुसऱ्यांदाही गेली. काल वजन पुन्हा उतरले. तेव्हा आज ती आली आणि टोपी घालून बसलेल्या पक्षकाराला बाजूला सारून पुढे बसली. "लिवा, पार्बताचं नाव काहाडा म्हना. माही हौस मोठी का पोट्टीचा जीव मोठा?" हे तिचे शब्द आहेत.

१०. पंचफुला या दुरुस्तीस राजी नव्हती. "काकी, नाव काहाडू नका. मले दुरून दिसली तरी चालते, पन जगली पायजे," असे ती म्हणे. अर्जदारीण बाईने तिची समजूत घातली, ती अशी : सटवाई अंगणात येते, कपाळ वाचते, पण ती दवाखान्याचा कागद वाचत नाही, तिला इंग्रजी येत नाही. कागदावर पोरगी तुझी, सटवाईपुढे माझी. सौदा जावळापर्यंत कायम. यावर पंचफुला तयार झाली, मात्र तिची एक अट आहे. ती शेवटच्या कलमात आहे.

११. आणखी एक अडचण निस्तरून आणली आहे. खिडकीवर सांगण्यात आले की, अर्जदारीण बाई मुलीची आई नाही याला पुरावा लागेल. तोंडी सांगणे चालणार नाही, कारण तोंडी तिनेच "माही" म्हटले आहे. तिचे वय, तिचे केस, तिच्या तोंडातले गेलेले दात हा पुरावा होत नाही. म्हणून तिने एस्टीने गावी जाऊन पोलीस पाटलांचा दाखला आणला. दाखल्यात लिहिले आहे की, सदर बाईस आजतागायत मूल झालेले नाही व होण्याचा संभव नाही, हे गावात सर्वांना माहीत आहे. पाटलांनी तो चावडीत चार माणसांपुढे वाचून दाखवला आणि मग शिक्का मारला. बाई म्हणते, वाचला नसता तरी शिक्का उमटला असता.

१२. तरी साहेबांस प्रार्थना की :

(अ) नोंदीत आईच्या जागी पंचफुला जौजे नत्थुजी हे नाव लावून तिला आजच उबेच्या खोलीत जाऊ द्यावे. उद्यावर ढकलू नये. मुलगी फार लहान आहे, तिच्याकडे उद्या पुष्कळ नाहीत.

(आ) आपल्या कार्यालयात हुकूम झाला की शिपाई तो व्हरांड्यात मोठ्याने पुकारतो. हा हुकूम तसा पुकारला जाऊ नये. गुपचूप लिहावा, गुपचूप द्यावा. साहेब अशा गोष्टी मानत नसतील. त्यांनी मानू नयेत, फक्त आवाज खाली ठेवावा.

(इ) नाव बदलल्यावर अर्जदारीण बाईस आत जाण्याचा अधिकार राहत नाही, हे तिला समजावून सांगितले आहे. ती फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही. काचेतून पाहण्याची परवानगी ती मागत नाही. झगा परत केला आहे. मात्र दूध पाजण्याची वेळ झाली की माणिकबाईने हाक पूर्वीप्रमाणेच मारावी, "कोंडाबाईची माय, पार्बताबाईऽ!" सटवाई आसपास असली तर तिने तेच नाव ऐकावे, अशी पंचफुलाची अट आहे. ही अट ऐकून अर्जदारीण बाईस फार बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. हाक आली की पंचफुला न बोलता आत जाईल, आणि अर्जदारीण बाई रस्त्यापलीकडून ओ देईल. रस्त्यावर टांगे, एस्टी यांचा गलका असतो, म्हणून हाक जरा मोठी मारावी.

एवढी मेहरबानी व्हावी. मुलगी मोठी झाल्यावर साहेबांचे नाव घेईल, आणि तोवर घ्यायला दुसरी एक आहे.

आपल्या फाटकासमोर बसलेली,
पार्बताबाई बेवा शेषराव
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

अमरावती, दि. १८ जानेवारी १९६३

अर्ज लिहिणार : महादेवराव, अर्जनवीस. अर्जदारीण बाईस वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाली. कलम ९ पुन्हा वाचायला सांगितले, म्हणून तेवढे दोनदा वाचले.

सोबत : पोलीस पाटील, मौजे शेलू यांचा दाखला, शिक्क्यासह. काम झाल्यावर तो परत देण्याची आवश्यकता नाही.