एकशे विसाव्या फ्रेमला हार

११ जानेवारी २००५, मंगळवार. दुपारी २.
विनयाच्या लग्नाची पत्रिका मी वेबसाइटवर करणार. ठरलं. तीन वर्षांनी स्थळ जमलंय, कौस्तुभसारखा मुलगा आहे, काही कमी पडायला नको. माणिकपूरच्या क्लासात गृहिणींच्या बॅचला फ्लॅश, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला, शिकवतात, महिनाभर जातेय. अवघड नाही. मॅट्रिकला गणितात बासष्ट होते. पानावर घरच्यांची नावं. नावावर क्लिक केलं की चौकट, मग फोटो, मग समई, मग नाव. कैलासवासी सासूबाईंना शेवटी हार. विनया म्हणाली, आई, आजी कशाला त्यात? म्हटलं, आशीर्वाद. (खरं म्हणजे मला त्यांच्याशी जरा मिटवायचंय.)

१३ जानेवारी, गुरुवार.
फ्रेमा, म्हणजे कितव्या चित्राला काय येणार, हिशेबाच्या वहीत उतरवल्या. १ चौकट. १० फोटो. २० समई. ३० नाव. १२० हार. मध्ये अंतर ठेवा, माणसाला बघू द्या, असं क्लासातले फर्डिनंड सर म्हणाले. वर म्हणतात, बाय, अ‍ॅनिमेशन म्हणजे कोणामागून कोण, एवढंच! हे मला सांगताय? सासूबाईंच्या हाताखाली सव्वीस वर्षं काढली. आधी दिवा, मग चहा.
या साऱ्या फ्रेमांची मिळून एक क्लिप; जिवंत माणसांची वेगळी करा म्हणाले. कशाला उधळपट्टी? एकच केली, आत फोटो तेवढे बदलले. जिवंतांना हाराच्या आधी थांबवलं की झालं.

१८ जानेवारी, मंगळवार.
सासूबाईंचा फोटो स्कॅन केला. तोच, मोठा केलेला. लिहूनच टाकते, वाचतंय कोण. त्या हॉस्पिटलात होत्या, डॉक्टर म्हणाले नातेवाइकांना कळवा. स्टुडिओत तेव्हा मोठ्या फोटोवर चौकट फुकट होती. करून आणला. आणि सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. कपाटामागचा फोटो त्यांनाच सापडला. बघत राहिल्या. म्हणाल्या, छान आलाय गो, हार कधी आणतेस?
त्यानंतर चार महिने जगल्या. रोज देवाला फुलं वाहताना दोन बाजूला काढायच्या. विचारलं तर म्हणायच्या, तुला लागतील.
मी मनाला लावून घेतलं नाही.

१९ जानेवारी, बुधवार. दुपारी ३.
नावावर क्लिक न करताच सासूबाई उघडल्या. मी नुसती माळ जपत बसले होते. सरांना फोन केला. पान उघडलं की क्लिप आपोआप चालू होते म्हणाले, तिला थांब सांगावं लागतं. पानावर stop टाकला. दोनदा, खात्रीसाठी. आता जिवंतही नावापाशीच थांबणार, सगळं माझ्या ताब्यात. धूप फिरवला तो डासांसाठी.

२२ जानेवारी, शनिवार.
तयार! एकेक नाव दाबून पाहिलं. हे, मी, विनया. नाव आलं की लगेच पुढचं. सगळं चोख. कौस्तुभचाही फोटो घातला, त्याच्या आईला आश्चर्य म्हणून. विनिताबाई विधवा, आचोळ्याला राहतात, हा एकुलता एक. त्यांना वेबसाइटचा पत्ता कळवला.

२३ जानेवारी, रविवार.
विनिताबाईंचा फोन. कौस्तुभ क्रिकेटला गेलेला. त्यांनी एकटीने त्याचं नाव दाबलं आणि कौतुकाने बघत बसल्या. उठल्याच नाहीत. मग वरून हार आला. सावकाश, कारण मीच तो सावकाश सोडलाय. त्या अनवाणी मैदानापर्यंत धावत गेल्या. तो बॅटिंग करत होता, ठणठणीत. मी समजावलं, अहो ती वरमाला. त्या म्हणाल्या, मग शेजारी समई कशाला? आणि तुमच्या सासूबाईंनाही तोच हार कसा?
विचार करून कळवते म्हणाल्या. म्हणजे होकारच.

२४ जानेवारी, सोमवार.
सर म्हणतात, पानाला थांबवलं तर पान थांबतं, आतली क्लिप आपली चालतच राहते. बाहेरून सांगून आत ऐकू जात नाही. हे सरांचं मत.
स्वतःचं नाव दाबलं आणि शेवटपर्यंत थांबले. हार आला. मला अगदी मापात बसला. मी काढली होती त्याहून फुलं जास्त वाटली. मोजली नाहीत. मोजणार नाही. पान पुसून टाकलं.

२६ जानेवारी, बुधवार.
ह्यांच्याबरोबर आचोळ्याला. लग्न होणार! फक्त विनिताबाईंची एक अट. लग्नात हार घालताना मी समोर नको. हे म्हणाले, ठीक आहे. मी विनयाकडे पाहिलं. ती चहावरची साय काढत होती.
नाहीतरी मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नसतातच, तुळशीला पाणी घालायचं असतं. मी स्वतःच सांगणार होते.

२७ जानेवारी, गुरुवार.
लग्नाच्या हॉलवर फोन करून विचारलं, तुळस आहे का. मॅनेजर म्हणाला, तुळस नाही मॅडम, पार्किंगमध्ये शोभेच्या क्रोटनची कुंडी आहे.
चालेल म्हटलं.