ऐंशीच्या पुढची थरथर

२० सप्टेंबर, शनिवार
गाडीला चार नवे टायर. छाणीच्या पीयूषभाईंकडे बसवले, बॅलन्सिंगही केले. मशीनवर शून्य आलेले मी स्वतः पाहिले. येताना गाडी लोण्यासारखी.

४ ऑक्टोबरला मनाली दुबईहून सहा महिन्यांच्या राहीला घेऊन अहमदाबादला उतरते आहे. नात पहिल्यांदा बडोद्याला येणार, ती आजोबांच्या गाडीतून. जावई टॅक्सीचे म्हणत होता. त्याला सांगितले, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षे चाकांच्या सहवासात काढलेला माणूस टॅक्सी करत नाही. (मी स्टोअर्समध्ये होतो. पण चाकांचे कागद माझ्याच टेबलावरून जात.)

संध्याकाळी टायरपूजा. कुंकवाचे स्वस्तिक काढायचे म्हणून आधी चाके धुतली. रिमच्या आत राखाडी पट्ट्या चिकटलेल्या. पॅकिंगच्या असणार. वसुंधराच्या स्वयंपाकघरातल्या कालथ्याने खरवडून काढल्या. एकूण अकरा. स्टोअर्सचा माणूस काही फेकत नाही. डब्यात घालून चिठ्ठी लावली: पट्ट्या, जड, किरकोळ.

२१ सप्टेंबर, सकाळी ९
एक्सप्रेस वेवर ट्रायल. ऐंशीला स्टिअरिंग थरथरू लागले. वसुंधरा म्हणाली, काल येताना तर नीट होती. तिला समजावले की नव्या टायरना रुळायला वेळ लागतो.

२३ सप्टेंबर
टायर रुळले नाहीत. वसुंधरा नेहमी डावीकडे बसते, शिवाय मांडीवर ती पर्स. तिला मागे मधोमध बसवून पाहिले. थरथर तेवढीच. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. वजनाचा मुद्दा तूर्त राखून ठेवला.

२५ सप्टेंबर
पीयूषभाईंना फैलावर घेतले. मशीनवर चारही चाके चुकलेली. म्हणाले, काका, आवुं तो कोई दिवस नथी थयुं. असे कधीच झाले नाही म्हणे. गाडीला कोणी हात लावला होता का, असेही विचारत होते. माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, असे ठणकावून सांगितले. बिचाऱ्यांनी पुन्हा बॅलन्सिंग केले. नव्वदला गाडी शांत. धाक हवा.

घरी येऊन पाहतो तर पुन्हा त्याच पट्ट्या. या लोकांना स्वच्छतेचे वळणच नाही. काढल्या. बारा.

२७ सप्टेंबर
पुन्हा थरथर. पीयूषभाईंचे मशीन साफ गेलेले आहे.

हॉलमधला पडदा पंख्याने उडून राहीच्या पाळण्यावर येईल, ही वसुंधराची काळजी. डब्यातल्या पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने तेवीसच्या तेवीस खालच्या दुमडीत शिवून टाकल्या. पडदा जागचा हलत नाही. कल्पना माझी.

रात्री मनालीचा फोन. आईने चुगली केलेली दिसते. म्हणाली, बाबा, गाडी थरथरत असेल तर मी राहीला घेऊन बसणार नाही. तिला शब्द दिला.

३० सप्टेंबर
तिसरे बॅलन्सिंग. शेजारी उभा राहून करून घेतले. शंभरला पाण्याचा पेला ठेवावा अशी गाडी. मनालीला कळवले. ती हो म्हणाली. फार बरे वाटले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
वर्कशॉपची सवय, हत्यारांची पूजा चुकवत नाही. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, शेवटी गाडी. चाके आरशासारखी केली. तेरा पट्ट्या निघाल्या. वसुंधराने कालथा यापुढे गाडीचाच समजा म्हणून सांगितले.

३ ऑक्टोबर, रात्री
सत्तरलाच थरथर. उद्या राही येणार. पीयूषभाईंना घरी बोलावले, म्हटले सोक्षमोक्ष लावू.

वसुंधराने चहा दिला. पंखा पाचवर. पीयूषभाई पडद्याकडे बघत राहिले. मग उठून दुमड बोटांनी चाचपली आणि म्हणाले, काका, आ तो मारा वजन छे. ही त्यांचीच वजने, या पट्ट्यांनीच चाक तोलतात म्हणे. हसले नाहीत. हसले असते तर मला रागावता आले असते. शिवण उसवून देऊ का, असे वसुंधराने विचारले. म्हणाले, रहेवा दो बेन, नवां नाखी दईश. राहू द्या, नवी घालतो म्हणे.

ते गाडी घेऊन गेले. संध्याकाळी परत आणून दिली, व्यवस्थित. मनालीला फोन केला. तिने सकाळीच टॅक्सी ठरवली होती. चार दिवसांत तीन वेळा नीट झालेल्या गाडीत बाळाला कसे बसवू, म्हणाली. हिशेब चुकीचा आहे, पण वाद घातला नाही.

४ ऑक्टोबर
टॅक्सीने गेलो. निघण्याआधी वाकून चाके पाहिली. धूळ, चिखल आणि जागच्या जागी सगळ्या पट्ट्या. चाके कधी धुता, असे ड्रायव्हरला विचारले. म्हणाला, टाइम ज क्यां छे, काका.

येताना मी पुढे, मांडीवर दुपट्यांची पिशवी. काटा शंभरवर. राही बडोद्यापर्यंत गाढ झोपली. मला आनंद व्हायला हवा होता.

घरी आल्यावर मनाली म्हणाली, पडदा किती छान पडलाय. वसुंधराने माझ्याकडे पाहिले. मी बादली आणि फडके घेऊन खाली गेलो. चाकांकडे पाहिले, आणि फडके कोरडेच घेऊन वर आलो.