सहा पाकळ्यांची मोजणी

३ एप्रिल, गुरुवार

इंजिन तापलं! धक्का सोडून जेमतेम शंभर पावलांचं अंतर गेलो आणि धोक्याची घंटी केकाटायला लागली. मागच्या नळीतून धुराबरोबर पाणी पडायला हवं – नुसती वाफ. शीड उभारून कसेबसे परत आलो.

बारा दिवसांनी निघायचंय. तीन महिन्यांचा प्रवास, आम्ही दोघंच. घर पंधरा तारखेपासून भाडेकरूंच्या ताब्यात. आमच्या कप्तानांनी (चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, हे नाव मी ठेवलेलं) तीस वर्षं हे एकच स्वप्न पाहिलं आणि मी तीस वर्षं नको म्हटलं. आता मी हो म्हटलं, तर इंजिन नको म्हणतंय.

४ एप्रिल, शुक्रवार

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधतेय. समुद्राचं पाणी बोटीच्या बुडातल्या वॉल्वमधून आत येतं, गाळणीतून पंपात, पंपातून इंजिन थंड करणाऱ्या कूलरमध्ये, तिथून बाहेर. साधा रस्ता आहे. माणसाच्या पोटात याहून अवघड असतात. वॉल्व उघडा आहे. गाळणीत शेवाळाचा एक धागा, बाकी स्वच्छ. म्हणजे पंपच.

यांचा उजवा खांदा कामातून गेलेला, शिवाय इंजिनाच्या कपाटात हे मावतही नाहीत. म्हणून मी आत आणि हे बाहेर टॉर्च धरून. मला हवा तिथे सोडून सगळीकडे उजेड.

५ एप्रिल, शनिवार

पंपाचं झाकण काढलं. आत रबरी चक्र असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. सहा पाकळ्यांचं. तीनच शिल्लक!

उरलेल्या तीन कुठे गेल्या? कप्तान म्हणाले, "वाहून गेल्या असतील. नवीन बसव आणि मोकळी हो." एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते मी. बोळे-चिमट्यांची मोजणी जुळल्याशिवाय पोट शिवू द्यायचं नाही, मग सर्जन कितीही आदळआपट करो. नाही बसवला. दोन तुकडे कूलरच्या तोंडाशी अडकलेले मिळाले. तिसऱ्याने दीड तास घेतला – नळीच्या वळणात होता, चिमट्याने ओढून काढला. तीन आणि तीन सहा. कोपर सोलवटलंय, पण बरं वाटलं.

६ एप्रिल, रविवार

नवा इम्पेलर ग्लिसरीन लावून बसवला. किल्ली फिरवली आणि पाणी आलं! छान, भरभरून. पाच मिनिटं नुसती बघत उभी होते. इंजिन एकूण किती चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवर ८१२.४ तास. लिहून ठेवते, जुनी खोड.

कप्तान म्हणाले, "छान." एवढंच. तीस वर्षांचं स्वप्न आणि "छान"! तब्येत बरी आहे ना, विचारलं. बरी आहे म्हणे.

८ एप्रिल, मंगळवार

काल आणि आज घरी खोकी भरली. हे बोटीवर, "दोऱ्या बघतो" म्हणून. नकाशे खोक्यात घालू का विचारलं तर तोंडातल्या तोंडात काहीतरी.

९ एप्रिल, बुधवार

पुन्हा वाफ. सहा मिनिटांत बंद केलं. रडू आलं, रडले.

१० एप्रिल, गुरुवार

शेवटी गोदीतल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने चार दिवसांपूर्वीचा नवाकोरा इम्पेलर काढून माझ्या हातावर ठेवला. "बाई, हा सुका फिरलाय. पाकळ्यांची टोकं बघा, कशी चकाकतायत. पाणी नसलं की रबर असं जळतं. वॉल्व बंद ठेवून कुणीतरी चालू केलं असणार."

मी म्हटलं, वॉल्व उघडाच आहे.

"आत्ता आहे," तो म्हणाला आणि हात पुसत निघून गेला.

मीटर बघितलं. ८१२.८. कालची सहा मिनिटं वजा केली तरी पाव तास जास्तच. बोटीच्या किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये असते.

रात्री एकच ताट वाढून यांच्यापुढे ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी मीटरचे आकडे कागदावर लिहून यांच्यापुढे ठेवले. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "दोन्ही वेळा मीच."

मार्चमध्ये मी लेकीकडे गेले होते, तेव्हा यांनी पाण्याचे तीन कॅन दोरीला बांधून बोटीबाहेर सोडले. माझ्या वजनाइतके. ओढून वर घ्यायला गेले – अर्ध्यावरसुद्धा येईनात. चार दिवस रोज करून पाहिलं. "तू पाण्यात पडलीस तर मी वरून बघत बसणार. नुसता बघत."

मग सांगायचं होतं ना तोंडाने!

"कुणाला? तीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आलोय. वाटलं, दोनदा बिघडलं की तू कंटाळून म्हणशील, जाऊ दे. तू नेहमी म्हणतेस." मग कागदाची घडी घालत, "या वेळी म्हणालीच नाहीस."

राग आला होता तो पुरा गेलेला नाही. पण या माणसाने चार दिवस एकट्याने ते कॅन ओढले, हे डोळ्यांपुढून जात नाही. दुखऱ्या खांद्याने.

१२ एप्रिल, शनिवार

अबोला. तिसरा इम्पेलर बसवला. पाणी व्यवस्थित. मोठ्या दोन कप्प्या विकत आणल्या, कशाला ते सांगितलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज धक्क्यापाशी कपड्यांसकट पाण्यात उडी मारली. लाइफ जॅकेट घालून, आणि मेकॅनिकला जवळ उभं करून – हात लावायचा नाही या अटीवर. कप्तानांनी शिडाच्या आडव्या वाशाला कप्प्या बांधल्या, दोर ओवला, चुकला, परत ओवला. बावीस मिनिटांनी मी वर आले. दम निघाला होता. भर समुद्रात, लाटांमध्ये माणसाला तेवढा वेळ मिळत नाही, हे मला कुणी सांगायला नको. चहा पिताना मीच म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं. जाऊ दे."

हे कागदावर कप्प्यांची आकृती काढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "उद्या परत उडी मार."