दोन जेलांतली माणसं

सेनगाव, ४ नोव्हें. २०००
फौजी जेलातून सुटून महिना होत आला. दादांनी गावात सांगून ठेवलंय, पोरगा नोकरी सोडून आला. सुभेदारावर हात उचलला, शिक्षा झाली, नोकरी गेली, हे फक्त घरात. लोक जयभीम घालतात, 'फौजी' म्हणतात. काही वाटत नाही. जेवतो, झोपतो.

९ नोव्हें.
रशीदच्या दुकानात बसलो. शिंपी, शाळेपासूनचा दोस्त. चोरीच्या केसमध्ये दीड वर्ष आत होता, शेवटी निर्दोष सुटला. तरी गिऱ्हाईक तुटलंच. घराबाहेर माझं खरं त्याला एकट्याला माहीत.
"तुमच्या जेलात कसे लोक असत्यात रे?"
सांगितलं. सगळे माझ्यासारखे. तरणे, केस बारीक, हुकमावर उठणारे. कोणी रजेवरून परतला नाही, कोणी साहेबावर हात टाकला. सगळे शिक्षा झालेले.
"आमच्यात म्हातारे, पोरं, खुनी, खिसेकापू, सगळे एका बराकीत. लई जण नुसते तारखेवाले. केस चालूनच न्हाई राहिली. जामिनाला माणूस न्हाई."
म्हटलं, मग गुन्हेगार आमच्यातच जास्त. तो हसला नाही. शिवत राहिला.

१८ नोव्हें.
रशीदच्या बहिणीला, नसीमला, उद्या औंढ्याचे लोक बघायला येणार. रशीद म्हणाला, "तू बस. फौजी माणूस असला की बरं दिसतं." हो म्हटलं.

१९, रवि.
मुलाचे वडील माझ्याकडं वळले. "जेल काटेला आदमी का घर है. तुम फौजी. तुमारी जबान चलेगी. बोलो."
रशीद सतरंजीकडं बघून राहिला.
"चाचा, याला कोर्टानं निर्दोष सोडलं. मला न्हाई. मीबी जेलातूनच आलो. गुन्हा करून."
ठरवून बोललो नाही. धडधडलं वगैरे पण नाही. तोंडातून गेलं.
त्यांनी बशीतला चहा संपवला. "सोच के बताते." जीपमध्ये बसून गेले.
रशीद एवढंच, "काहून बोललास?"
नसीमनं कप उचलले. माझ्याकडं पाहिलं. रागानं की कसं, कळलं नाही.

२३ नोव्हें.
गावभर झालं. दादा बोलत नाहीत. आई ताट ठेवून आत जाते. चौकात आज कोणी 'फौजी' म्हणून हाक मारली नाही.
औंढ्याहून निरोप नाही.
दुपारी रशीदकडं गेलो. मशीन न थांबवता "बस" म्हणाला. बसलो. रस्त्यावर जीप थांबली की दोघंही वर बघतो.